घरातली धूळ आणि आगरोधक रसायनं : आधी हात, मग धूळ, शेवटी सोफा

आमच्या घरी हे लक्षात आलं ते खेळण्यातल्या गाडीचं चाक हरवलं तेव्हा. सोफ्याखाली हात घालून ते बाहेर काढलं, तर त्याला राखाडी धुळीची गुठळी चिकटलेली आणि त्या गुठळीत पिवळसर, कुरकुरीत कण. कुशनची चेन उघडून पाहिली. आतला फोम इतका जुना झाला होता की बोट लावताच भुगा नखात अडकत होता. हे पाहत बसलो तोवर शेजारी रांगणाऱ्या दहा महिन्यांच्या बाळाने चाक उचललं आणि तोंडात घातलं.

त्या दिवसापासून मी या विषयावर हाती लागेल ते वाचत आलो आहे आणि घरातली सफाईची पद्धत मुळापासून बदलली आहे. फोम, टीव्हीचं आवरण, गालिच्याखालचा थर यांत आग लवकर पसरू नये म्हणून रसायनं मिसळलेली असतात, आणि ती त्या वस्तूंमध्ये कायम राहत नाहीत. ती घरातल्या धुळीत उतरतात. हे कळलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "मग सोफा टाकून देऊ का?" प्रश्न रास्त आहे, पण सुरुवात तिथून करायची नाही. या रसायनांचा शरीरात शिरण्याचा मोठा रस्ता म्हणजे हाताला लागून तोंडात जाणारी धूळ. तेव्हा आधी हात, मग धूळ आणि सगळ्यात शेवटी वस्तू. हाच क्रम सगळ्यात कमी खर्चाचा आहे आणि त्याचा परिणामही लवकर दिसतो.

रसायन धुळीत येतं कसं

पॉलियुरेथेन फोम हा मुळात खनिज तेलापासून बनतो आणि भराभर पेटतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९७५ मध्ये 'टीबी ११७' नावाचं मानक आणलं. फर्निचरमधल्या उघड्या फोमवर १२ सेकंद छोटी ज्योत धरली तरी तो पेटत राहता कामा नये, असा त्याचा नियम होता. हे साधण्याचा सोपा मार्ग म्हणजे फोम बनवतानाच त्यात आगरोधक द्रव्य मिसळणं. एका राज्यासाठी वेगळा सोफा आणि बाकीच्यांसाठी वेगळा, असं करणं उत्पादकांना परवडत नव्हतं, त्यामुळे हा फोम त्या राज्याबाहेरही गेला. मिश्रणाचं प्रमाण अनेकदा फोमच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असे. म्हणजे एक किलो फोममध्ये सुमारे ५० ग्रॅम रसायन.

गोम इथे आहे की यातली बरीचशी रसायनं फोमला किंवा प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. काही अपवाद आहेत. सर्किट बोर्डात वापरलं जाणारं टेट्राब्रोमोबिसफेनॉल-ए बहुतांशी त्या राळेचाच भाग होऊन बसतं, त्यामुळे ते कमी सुटतं. जी नुसती मिसळलेली असतात, ती तीन वाटांनी बाहेर पडतात. हलकी रसायनं हळूहळू वाफ होऊन हवेत जातात आणि धुळीच्या कणांवर बसतात. फोम झिजला की त्याचे बारीक कणच धुळीत मिसळतात. आणि धूळ थेट टीव्हीच्या किंवा कुशनच्या पृष्ठभागावर साचून राहिली, तर ती टीपकागदासारखी रसायन ओढून घेते. म्हणून महिनाभर न पुसलेल्या टीव्हीमागची धूळ ही साधी धूळ समजू नका.

बाहेर ऊन, पाऊस आणि जिवाणू मिळून अशा रसायनांचं थोडंफार विघटन करतात. घराच्या आत हे फार कमी घडतं. कपाटामागच्या कोपऱ्यात ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात.

नावं थोडक्यात ओळखून घ्या

नावांची जंत्री पाठ करण्याची गरज नाही, पण तीन कुळं ओळखता आली तर पुढे वस्तूवरचं लेबल वाचताना गोंधळ होत नाही.

पहिलं कूळ ब्रोमीनवाल्यांचं. त्यात पीबीडीई हा गट सर्वांत बदनाम. त्यातली 'पेंटा' मिश्रणं फोममध्ये, 'ऑक्टा' आणि 'डेका' मुख्यतः टीव्ही-संगणकाच्या कडक प्लॅस्टिकमध्ये असत. एचबीसीडी हे याच कुळातलं, इमारतींच्या थर्माकोलसारख्या उष्णतारोधक पत्र्यांमध्ये वापरलं जाणारं. दुसरं कूळ क्लोरीन असलेल्या ऑरगॅनोफॉस्फेटचं. त्यात टीडीसीपीपी, टीसीईपी आणि टीसीआयपीपी येतात. तिसरं कूळ क्लोरीन-ब्रोमीन नसलेल्या ऑरगॅनोफॉस्फेटचं, उदाहरणार्थ ट्रायफेनिल फॉस्फेट.

या कुळांचा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त चीड आली ती एका गोष्टीची. १९७७ मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांवर लावलं जाणारं 'ब्रोमिनेटेड ट्रिस' जनुकांत बदल घडवतं. त्याच वर्षी अमेरिकेत ते कपडे बंद झाले. त्याच्या जागी 'क्लोरिनेटेड ट्रिस', म्हणजे टीडीसीपीपी आलं. त्याबद्दलही तसेच पुरावे पुढे आले आणि तेही कपड्यांतून गेलं. पण २००४ च्या अखेरीस 'पेंटा'चं अमेरिकेतलं उत्पादन थांबलं, तेव्हा तेच टीडीसीपीपी फर्निचरच्या फोममध्ये ठाण मांडून बसलं. २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या हेदर स्टेपलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांच्या १०१ फोमच्या वस्तू तपासल्या. त्यात गाडीतल्या बाळखुर्च्या होत्या, दूध पाजताना घ्यायच्या उशा होत्या, डायपर बदलायच्या गाद्या होत्या. सुमारे ८० टक्के वस्तूंमध्ये आगरोधक रसायन सापडलं आणि सर्वांत जास्त वेळा सापडलं ते टीडीसीपीपीच. बाळाच्या अंगावर नको म्हणून काढलेलं रसायन बाळाच्या उशीत परत आलं होतं.

म्हणून "यात पीबीडीई नाही" एवढंच सांगणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नका. एक गेलं की त्याचाच भाऊबंद येतो.

शरीरात गेल्यावर

पीबीडीईची रचना आपल्या थायरॉइड ग्रंथीतून स्रवणाऱ्या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे. गर्भाच्या आणि लहान मुलाच्या मेंदूची वाढ त्याच संप्रेरकावर अवलंबून असते, म्हणून खरी काळजी गरोदर स्त्रिया आणि पहिल्या काही वर्षांतली मुलं यांची. २०१७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. आईच्या शरीरातलं पीबीडीईचं प्रमाण दहापट वाढलं, तर मुलाचा बुद्ध्यांक सरासरी ३.७ गुणांनी कमी आढळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. एका मुलाकडे पाहून हा फरक कधीच कळणार नाही. पण एका अख्ख्या पिढीच्या बाबतीत तो क्षुल्लक नाही.

स्वीडनमध्ये १९७२ ते १९९७ या काळातले आईच्या दुधाचे साठवून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा पीबीडीई दर पाच वर्षांनी जवळपास दुप्पट होत गेलेलं दिसलं. ही वाढ नंतर थांबली, कारण वापर कमी होत गेला. युरोपीय संघाने २००४ पासून पेंटा आणि ऑक्टावर बंदी घातली. टिकाऊ विषारी रसायनांवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २००९ मध्ये हे दोन्ही, २०१३ मध्ये एचबीसीडी आणि २०१७ मध्ये डेका समाविष्ट झाले. वापर थांबवला की फरक पडतो, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच मिळतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. जुन्या पीबीडीईपैकी काही शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं राहतात. आज सोफा बदलला तरी ती उद्या जाणार नाहीत. पण आता जास्त वापरात असलेली ऑरगॅनोफॉस्फेट रसायनं काही तासांत किंवा दिवसांत लघवीवाटे निघून जातात. आपल्या लघवीत ती रोज सापडतात, कारण आपण ती रोज नव्याने आत घेतो. याचा सरळ अर्थ असा की आजपासून आत जाणं कमी केलं, तर याच आठवड्यात प्रमाण खाली येऊ शकतं.

पहिली पायरी : हात

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार एक ते सहा वर्षांचं मूल दिवसाला सुमारे ६० मिलिग्रॅम घरातली धूळ गिळतं आणि प्रौढ माणूस सुमारे ३० मिलिग्रॅम. ६० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. पण मुलाचं वजन प्रौढाच्या पाचव्या हिश्शाइतकं, त्यामुळे दर किलोमागे त्याच्या वाट्याला येणारी मात्रा दहापट होते. शिवाय मूल राहतं ते जमिनीवर, जिथे धूळ असते तिथेच.

संशोधकांनी लोकांचे हात ओल्या कापडाने पुसून ते कापड तपासलं आहे. हातावर जितकं रसायन, तितकंच शरीरातलं प्रमाणही चढलेलं, असा संबंध वारंवार दिसला. न्यूयॉर्कमध्ये ३२ स्त्रियांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात काही जणींना जास्त वेळा हात धुवायला आणि काही जणींना घराची ओली सफाई करायला सांगितलं. एका आठवड्यातच लघवीतली आगरोधक रसायनांची अवशिष्ट द्रव्यं घटली. साबण, पाणी आणि ओलं फडकं, एवढ्यावर.

हात कधी धुवायचे ते नेमकं ठरवा, नाहीतर "जास्त वेळा धुऊ" हा निश्चय दोन दिवस टिकतो. प्रत्येक वेळी खाण्याआधी, मग ते चार दाणे तोंडात टाकणं का असेना. स्वयंपाकाला हात लावण्याआधी. बाळाला भरवण्याआधी तुमचे आणि बाळाचे, दोघांचेही. धूळ पुसल्यावर, सोफ्याची कुशनं हलवल्यावर, बाहेरून घरात आल्यावर आणि संगणकावर बराच वेळ काम केल्यावर. साधा साबण पुरतो, फक्त बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा घासायची. जंतुनाशक जेल इथे कामाचं नाही. ते जंतू मारतं, धूळ हातावरच राहते. प्रवासात पाणी नसेल तर ओलं कापड जेलपेक्षा बरं.

मुलांची नखं आखूड ठेवा. जमिनीवर पडलेली चोखणी, दात येताना चावायची खेळणी धुऊनच परत द्या. कापडी खेळणी आठवड्यातून एकदा कपड्यांबरोबर धुवायला टाका. ती जमिनीवरून सगळीकडे फिरतात आणि शेवटी बाळाच्या गालाशी येतात. टीव्हीचा रिमोट आणि जुने मोबाइल मुलांना चावायला देऊ नका. रिमोट हे बाळांचं आवडतं खेळणं आहे हे मला ठाऊक आहे, आमच्याकडेही तेच होतं. तो उंचावर ठेवण्याची सवय लागायला घरच्या मोठ्यांनाच जास्त दिवस लागले.

दुसरी पायरी : धूळ उडवायची नाही, उचलायची

कोरड्या फडक्याने झटकलं की धूळ निम्मी फडक्यात येते आणि निम्मी हवेत जाऊन तासाभराने पुन्हा त्याच फळीवर बसते. पिसांच्या झाडणीचंही तेच. सगळी पद्धत एकाच तत्त्वावर बेतलेली असू द्या : ओलं करून उचलायचं.

लागणारं साहित्य फार नाही. चार-पाच मायक्रोफायबरची किंवा जुन्या सुती कपड्यांची फडकी, दोन बादल्या, आणि शक्य असेल तर हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम क्लीनर. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण पकडतो. साध्या व्हॅक्यूममधून अगदी बारीक धूळ मागच्या हवेबरोबर बाहेर फेकली जाते, आणि हाताला चिकटणारी, रसायन जास्त धरून ठेवणारी धूळ नेमकी तीच असते. हेपावाला व्हॅक्यूम नसेल तर साधा वापरण्यापेक्षा सगळं काम ओल्या फडक्यावर भागवा. त्यात कमीपणा काही नाही.

क्रम असा ठेवा.

१. मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, खिडक्या उघडा. पंखा बंद. धुळीची ॲलर्जी असेल तर मास्क लावा.

२. वरून खाली या. आधी कपाटांचे माथे, पंख्याची पाती, पडद्यांचे दांडे, मग फळ्या आणि टेबलं, सगळ्यात शेवटी फरशी. खालून सुरुवात केली की वरची धूळ पुसलेल्या फरशीवर पडते.

३. फडकं एका बादलीत भिजवून घट्ट पिळा. ओलं हवं, ठिबकणारं नको. एका दिशेने ओढत न्या, गोल गोल फिरवू नका. बाजू मळली की उलटा, दोन्ही मळल्या की दुसऱ्या बादलीत खळबळून घ्या. पाणी राखाडी झालं की बदला.

४. आता फरशी. व्हॅक्यूम असेल तर आधी तो सावकाश फिरवा. सोफ्याखाली, पलंगाखाली आणि भिंतीच्या कडेने दोनदा. मग ओल्या पोछ्याने पुसा. झाडूच वापरायचा झाला तर जमिनीलगत, हलक्या हाताने ओढा आणि लगेच पोछा मारा.

५. व्हॅक्यूमची पिशवी किंवा डबा घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून रिकामा करा. केर थेट पिशवीत घालून तोंड बांधा. फडकी इतर कपड्यांबरोबर न धुता वेगळी धुवा. मग हात धुवा.

ही पूर्ण सफाई आठवड्यातून एकदा करावी. बाळ जिथे रांगतं ती फरशी मात्र दोन-तीन दिवसांनी ओल्या पोछ्याने पुसायची, बाकी घर राहिलं तरी चालेल. वेळ कमी असेल तेव्हा मी तीनच जागा करतो : टीव्हीची मागची बाजू, सोफ्याखालची जमीन आणि जेवणाची जागा.

टीव्हीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. सुरू असलेलं यंत्र तापतं, आणि तापलेल्या प्लॅस्टिकमधून रसायन जास्त सुटतं. शिवाय मागच्या झरोक्यांतून गरम हवा बाहेर पडते, तिथेच धूळ चिकटते. वायर काढून, यंत्र थंड झाल्यावर पिळलेल्या फडक्याने मागची बाजू, टेबलाचा तो भाग आणि वायरींचा गुंता पुसा. पहिल्यांदा पुसाल तेव्हा फडकं काळपट, किंचित तेलकट होतं. तो थर हाताने खरवडू नका, फडक्यानेच उचला. संगणक, प्रिंटर आणि वाय-फायचा डबा यांनाही हाच नियम. वापर नसताना बंद ठेवल्याने वीज वाचते आणि हेही कमी होतं.

कपड्यांचाही यात वाटा आहे. घरातल्या हवेतली ही रसायनं कापड शोषून घेतं आणि धुताना त्यातली काही पाण्यात सुटतात, हे कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. अंथरुणाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे नियमित धुतले की त्वचेला लागणारी एक वाट कमी होते.

तिसरी पायरी : गालिचा आणि त्याच्या खालचा थर

भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेल्या गालिच्याखाली अनेकदा रंगीबेरंगी तुकड्यांचा दाबून बनवलेला फोमचा थर असतो. ते तुकडे जुन्या फर्निचरच्या आणि कारखान्यातल्या उरलेल्या फोमचे असतात, म्हणजे बंदी आलेलं पीबीडीईही त्यात असू शकतं. २००९ मध्ये स्टॉकहोम करारात पीबीडीईचा समावेश झाला, तेव्हाच अशा पुनर्वापराला ठराविक काळाची सवलत दिली गेली होती. पर्यावरणाच्या नावाखाली जुनं विष नव्या वस्तूत फिरतं राहतं, ते असं.

गालिचा सुस्थितीत असेल तर हेपा व्हॅक्यूम आणि वरून एक धुता येणारी सतरंजी, एवढ्याने भागतं. तो उपटायचाच झाला, तर ते काम गरोदर स्त्रीने करू नये आणि मुलांना त्या दिवशी घरात ठेवू नये. दार बंद करून, मास्क लावून, गुंडाळत गुंडाळत काढा. खाली उरलेला भुगा झाडू नका, आधी व्हॅक्यूम आणि मग दोनदा ओला पोछा.

चौथी पायरी : फोमची तपासणी

आता कुठे सोफ्याची पाळी. प्रत्येक कुशन उलटसुलट पाहा. खोळ फाटली आहे का? चेनमधून भुगा पडतो का? अंगठ्याने दाबल्यावर फोम परत फुगतो की तसाच खड्डा राहतो? सोफ्याखालच्या जमिनीवर पिवळे कण साचतात का? ही सगळी झिजलेल्या फोमची लक्षणं आहेत.

फोम धड आणि खोळ अखंड असेल तर तो सोफा राहू द्या. फाटलेली खोळ शिवा. घट्ट विणीचं, धुता येणारं आवरण वर घाला. उघडा फोम मात्र घरात ठेवू नका, मग ती गादी असो, उशी असो की खुर्चीचं आसन. चिकटपट्टी लावून वेळ मारून नेता येते, पण थोड्याच दिवसांपुरती.

फोम भुग्यावर आला असेल तर बदला. सोफ्याची लाकडी चौकट चांगली असेल तर नुसता फोम बदलून घेणं सर्वांत शहाणपणाचं. पण नवा फोम आगरोधक द्रव्य न मिसळलेला आहे याची खात्री आधी लेखी मागा, आणि जुना फोम काढण्याचं काम घरात करू देऊ नका. आम्ही आमच्या सोफ्याची कुशनं बाहेर नेऊन, मोठ्या पिशव्यांत घालून मगच खोळी सोडवल्या. तरीही दुसऱ्या दिवशी चौकटीच्या फटींतून मूठभर पिवळा भुगा निघाला.

पाचवी पायरी : नवं घेताना

कॅलिफोर्नियाने आपलं मानक २०१३ मध्ये बदललं. 'टीबी ११७-२०१३' मध्ये उघड्या फोमवर ज्योत धरण्याऐवजी वरच्या कापडाची धुमसण्याची चाचणी होते, आणि ती रसायनाशिवाय पार करता येते. प्रत्यक्षातल्या आगीत सुरुवात वरच्या कापडापासून होते. कापड पेटल्यावर ज्योत इतकी मोठी असते की जुन्या पद्धतीचा रसायनमिश्रित फोम ती फारशी रोखू शकत नव्हता. म्हणजे धोका पदरात पडला आणि बचाव मात्र नाममात्र, असा तो सौदा होता. २०१५ मध्ये तिथल्या लेबलवर फर्निचरमध्ये आगरोधक रसायन मिसळलं आहे की नाही, हे खूण करून सांगणं बंधनकारक झालं. २०२० पासून त्या राज्यात गाद्यांचा फोम, फर्निचर आणि मुलांच्या वस्तू यांत १००० पीपीएमपेक्षा (म्हणजे ०.१ टक्क्यापेक्षा) जास्त आगरोधक रसायनाला मनाई आहे. असं लेबल वस्तूवर असेल तर ते आधी वाचा. नसेल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, "फोममध्ये आणि कापडात आगरोधक रसायन मिसळलं आहे का?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी वस्तू बघा.

बाळाच्या वस्तूंमध्ये फोमऐवजी पॉलिएस्टरचं किंवा कापसाचं भरण असेल तर ते निवडा. लोकर स्वभावतःच लवकर पेट घेत नाही. टीव्हीच्या बाबतीत युरोपीय संघाने २०२१ पासून पडद्याच्या यंत्रांच्या आवरणांत आणि स्टँडमध्ये हॅलोजनयुक्त (म्हणजे ब्रोमीन, क्लोरीन वगैरे असलेल्या) आगरोधकांना मनाई केली आहे.

मोटारीचा विचार सहसा कुणी करत नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये १०१ मोटारींची पाहणी झाली, तेव्हा ९९ टक्के गाड्यांमध्ये टीसीआयपीपी आढळलं आणि उन्हाळ्यात हवेतलं प्रमाण बरंच वाढलेलं दिसलं. त्याचा उगम बहुतेक आसनांचा फोम होता. गाडी सावलीत लावा, उन्हात तापलेल्या गाडीत बसण्याआधी काही मिनिटं काचा पूर्ण उघडा, आतली हवाच फिरवत ठेवण्याऐवजी बाहेरची आत घ्या. गाडीत मुलांना खायला द्यायचं झालं तर आधी हात पुसा.

विनाकारण घाबरून करू नये असं काही

स्तनपान थांबवू नका. दुधात ही रसायनं थोड्या प्रमाणात सापडतात हे खरं आहे, पण आईच्या दुधाचे फायदे त्याहून कितीतरी मोठे आहेत. रक्ताची महागडी तपासणी करून घेण्यातही अर्थ नाही. आकडा हाती येईल, पण त्यावरून डॉक्टरला वेगळा उपचार करता येणार नाही. तो पैसा चांगल्या व्हॅक्यूमवर घाला.

स्वयंपाकातल्या काळ्या प्लॅस्टिकच्या उलथन्यांवरून २०२४ मध्ये मोठी खळबळ उडाली. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्लॅस्टिक त्यात येत असल्याचं एका अभ्यासाने दाखवलं आणि ते खरंही आहे. पण सुरक्षित मर्यादेचा हिशेब करताना त्यात एका शून्याची चूक झाली होती. ६० किलो वजनाच्या माणसासाठी दिवसाची मर्यादा ४२,००० नव्हे तर ४,२०,००० नॅनोग्रॅम निघते. दुरुस्ती नंतर छापून आली, पण तोवर मूळ बातमी सगळीकडे पोचली होती. तरीही गरम तेलात काळं प्लॅस्टिक घालण्याचं काही कारण नाही, लाकडी किंवा स्टीलचं घ्या. फक्त त्यासाठी रात्रीची झोप घालवू नका. तुमच्या घरातली जास्त मात्रा बहुधा सोफ्याखालीच आहे.

आणि आगीची भीती खरी आहे, ती विसरू नका. रसायन नको म्हणताना आगीपासूनचा बचाव दुप्पट करायला हवा. प्रत्येक झोपण्याच्या खोलीजवळ धूर ओळखणारा अलार्म लावा आणि त्याची बॅटरी दर महिन्याला तपासा. सोफ्यावर किंवा अंथरुणात बसून विडी-सिगारेट ओढू देऊ नका. जळती मेणबत्ती सोडून खोलीबाहेर जाऊ नका.

शेवटची पायरी : जुनं घराबाहेर काढताना

जुना फोम, केबलची आवरणं, टीव्हीची कवचं कधीही जाळू नका, अंगणात नाही आणि शेकोटीत तर मुळीच नाही. ब्रोमीनयुक्त रसायनं जळताना डायॉक्सिनसारखी जास्त विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. इलेक्ट्रॉनिक वस्तू अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडेच द्या. फोम जाड पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून कचऱ्यात जाऊ द्या. भुगा झालेली गादी किंवा सोफा कुणा गरजवंताला देऊ नका. त्यांच्याही घरी बाळ असेल. पिशवी बाहेर गेली की जिथे ती वस्तू होती तिथली जमीन, मागची भिंत आणि ज्या दारातून ती नेली त्याचा उंबरठा ओल्या फडक्याने पुसा, आणि ते फडकं त्याच दिवशी धुवा.